नमुन्याची भिंत

नगरपालिकेच्या गृहनिर्माण खात्यातल्या या कारकुनाने आयुष्यात कधी पैज लावली नव्हती. पण नाल्याकाठच्या चाळीस कुटुंबांना ठोकलेल्या मातीची स्वस्त, पक्की घरं द्यायचा प्रस्ताव साहेबांनी "वाहून जातील हो" म्हणत बाजूला सारला, आणि याच्या तोंडून निघून गेलं, "मी घरी भिंत बांधून दाखवतो, साहेब. पाइपने पाणी मारून बघा!" (साहेबांपेक्षा जास्त धक्का त्यालाच बसला.)

साच्याला फळ्या हव्या होत्या. त्या पलंगाच्या निघाल्या.

"म्हणजे आता जमिनीवर झोपायचं?" बायको म्हणाली.

"माणसाने मातीशी नातं जोडावं."

"माहेरी निघून गेले असते, पण माझं माहेर इथेच राहायला आलंय!"

खरंच होतं ते. तिचे वडील जन्मभर गवंडी. तिची आई गेल्यापासून इथेच, खिडकीपाशी बसून. दिवसभरात एखादं "हं".

रविवारी त्याने अंगणात माती, वाळू आणि थोडं सिमेंट कालवलं, सढळ हाताने पाणी ओतलं आणि दिवसभर ठोकलं. सोमवारी फळ्या काढल्या. भिंत क्षणभर विचारात पडली आणि वाळत घातलेल्या चादरींना मिठी मारून खाली बसली.

बायको तोंड उघडणार, तोच खिडकीतून आवाज आला, "जावईबापू, ही भिंत नव्हे, चिखल आहे."

दोघं बघतच राहिले. सासरे बाहेर आले. नव्याने कालवलेल्या मातीचा गोळा वळून त्यांनी तो कमरेच्या उंचीवरून सोडला. "चारपाच ढेकळं झाली, म्हणजे पाणी बेताचं. आता वीतभर थर टाका आणि हा ठोकायचा धुमुस चालवा. कान द्या. धप्प म्हणतंय तोवर ठोका. टण्ण म्हणालं की पुढचा थर."

आठ दिवस ठोकाठोकी चालली. एकदा सासरे हात थांबवून म्हणाले, "चाळीस वर्षं घरं बांधली. पण बांधून झालं की आम्ही बाहेर. एकाही घरात चहाला बसलो नाही." बायकोने नवऱ्याच्या हातातला धुमुस घेतला आणि वडिलांसमोर उभी राहून ठोकू लागली. तिचा टण्ण लवकर यायचा.

भिंत महिनाभर वाळली. मग साहेबांनी तासभर पाणी मारलं, नखाने खरवडलं, खांदा लावून पाहिला. भिंत हलली नाही. ती कोणी ठोकली आणि आधीची का बसली, हे त्यांनी बायकोकडून नीट ऐकून घेतलं.

पंधरवड्यात पहिल्या दहा घरांचा आदेश निघाला. त्याने तो घरी मोठ्याने वाचला. प्रशिक्षक म्हणून सासरे. ठोकणीच्या देखरेखीला बायको. शेवटच्या ओळीत तो स्वतःही होता: 'सदर कर्मचाऱ्याने काम पूर्ण होईपर्यंत बांधकामाच्या जागी फिरकू नये.'