दाजीबा अस्वलाचं स्टँडवरचं एंजिन

एका जंगलात, मुलांनो, जिथे रस्ते खराब आणि गाड्या त्याहून खराब होत्या, दाजीबा नावाचं अस्वल राहायचं. त्याची बायको सगुणा. ती मध काढायची आणि दर मंगळवारी गाडीत घालून नदीपलीकडच्या बाजारी न्यायची. घर त्या मधावर चालायचं. दाजीबा फक्त गाडी चालवायचा.

एके सकाळी गाडीखाली तेलाचं थारोळं दिसलं. साळिंदर मिस्त्रीनं आडवं पडून पाहिलं.

"तेल अडवणारं सील गेलंय. एंजिन उतरवावं लागेल. दोन दिवसांचं काम."

"मग मी घरीच करतो की," दाजीबा म्हणाला. "माकडांचे गाडीदुरुस्तीचे सगळे व्हिडिओ पाहिलेत मी."

दाजीबानं लोखंडी स्टँड आणला. चिंचेच्या फांदीला साखळीची कप्पी बांधून एंजिन वर ओढलं आणि चार बोल्टांनी स्टँडला जोडलं. बोल्ट आखूड होते. साखळी सैल होताच एंजिनानं मान टाकली. दाजीबा त्याला मिठी मारून अर्धा तास उभा राहिला, तोवर सगुणा धावत जाऊन लांब बोल्ट घेऊन आली. आवळलेही तिनंच.

एंजिन उभं राहिलं आणि दाजीबाची छाती फुगली.

बातमी पसरली. हरणं आली, ससे आले. कोल्हा तर चष्मा लावून आला.

"आत काय असतं हो?"

"आत फार असतं," दाजीबा गंभीरपणे म्हणाला, आणि त्यानं एंजिन स्टँडवर गर्रकन उलटं फिरवलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

त्या टाळ्या दाजीबाला मधापेक्षा गोड लागल्या. मग तो रोज एंजिन पुसू लागला, रोज फिरवू लागला. लोक त्याला 'दाजीबासर' म्हणू लागले.

"अहो, सील कधी बदलणार?" सगुणानं विचारलं.

"अगं, अभ्यास चाललाय."

अभ्यासात चार मंगळवार गेले. गाडीचा पूल लांब, म्हणून सगुणा मधाची मडकी डोक्यावर घेऊन पाण्यातूनच नदी ओलांडू लागली. पाचव्या मंगळवारी तिचा पाय घसरला. मडकी वाहून गेली. ती पोहत कशीबशी काठाला लागली.

ओल्या अंगानं ती घरी आली, तेव्हा दाजीबा सशांच्या शाळेत 'स्वावलंबन' या विषयावर बोलायला गेला होता. ती तशीच साळिंदराकडे गेली. दोघांनी सील बदललं, एंजिन गाडीत बसवलं. दोन दिवस लागले. दाजीबा तोवर शाळेतच राहिला; आग्रहच तेवढा होता.

तो परतला तर गाडी दारात घरघरत होती. स्टँड रिकामा. घरातलं कुणी गेल्यासारखं दाजीबाला वाटलं. संध्याकाळी कोल्हा चार पाहुणे घेऊन आला, चालती गाडी पाहिली आणि म्हणाला, "अरेरे! मग आता दाखवण्यासारखं काहीच नाही?"

दाजीबानं बॉनेटला कान लावला. बराच वेळ लावला.

"थांबा," तो म्हणाला. "आत बारीक कटकट ऐकू येतेय."

"कटकट एंजिनात नाही!" सगुणा ओरडली. पण पाहुण्यांनी तोवर साखळी ओढायला घेतली होती.

तात्पर्य: चालत्या गाडीला कुणी टाळ्या वाजवत नाही. म्हणून मुलांनो, मोठं व्हायचं असेल तर काहीतरी खोलून ठेवा. फक्त घरात पोहता येणारं कुणीतरी असू द्या.