रस्ता-प्रतीक्षा केंद्र

ही गोष्ट १९९६ सालची. हनोईच्या झाडू गल्लीत तेव्हा सायकली जास्त आणि मोटारसायकली कमी होत्या. खांबावरचा सरकारी कर्णा पहाटे सगळ्यांना उठवून स्वच्छतेचं महत्त्व सांगायचा, आणि न्यानमावशी देशी बदामाच्या झाडाखाली चहा विकायच्या. दहा बुटकी निळी स्टुलं, गोधडीच्या टोपलीत कोंबलेली किटली आणि शेंगदाण्याच्या चिक्कीची बरणी, एवढंच दुकान. एकोणीस वर्षं ते त्या झाडाखाली होतं. सरकारदप्तरी मात्र ते नव्हतं. गल्लीप्रमुख ख्वात दर महिन्याच्या अहवालात सुवाच्य अक्षरात लिहीत, ‘पदपथावर कोणतेही दुकान नाही.’ हे वाक्य ते न्यानमावशींच्याच स्टुलावर बसून, त्यांचाच चहा पीत लिहीत. त्याच्या जोरावर गल्लीला आठ वर्षं ‘सुसंस्कृत गल्ली’ हा फलक मिळत होता.

दर मंगळवारी अतिक्रमणाचा ट्रक येई. कोपऱ्यावरचा न्हावी शीळ घाली, दीड मिनिटात दुकान बोळात जाई आणि ट्रक वळला की परत झाडाखाली येई. परतीच्या वाटेवर ट्रकवालेही तिथेच चहाला थांबत. कुणाची कुणाविरुद्ध तक्रार नव्हती.

अशाच एका मंगळवारी सकाळी सात वाजता एका सायकलरिक्षाने योस्त नावाच्या डच मुलाला झाडाखाली उतरवलं. उंची दाराच्या चौकटीएवढी, पाठीवर कपाटाएवढी बॅग. त्याचं लॉज बरोबर समोर होतं, बारा पावलांवर. रिक्षावाल्याने चुकीच्या कडेला सोडलं, एवढंच. योस्त कडेला उभा राहिला आणि वाहनं थांबण्याची वाट पाहू लागला.

झाडू गल्लीत वाहनं थांबत नसत. थांबायचं कशाला? चालणारा चालतो, येणारा त्याला वळसा घालतो. पाच वर्षांची पोरं तसं करत, आणि बदकांची टोपली डोक्यावर घेतलेल्या म्हाताऱ्याही.

योस्तच्या हातात प्रवासाचं पुस्तक होतं. त्यात लिहिलं होतं, ‘रस्ता मोकळा झाल्यावरच ओलांडा.’

नऊपर्यंत त्याचे चार चहा झाले. मावशींना दया आली. त्यांनी बॅगेसकट त्याला स्टुलावर बसवलं आणि शेजारून भाताच्या शेवयांचा वाडगा मागवला. दुपारी भात आणि तळलेला टोफू दिला. मधे एकदा हाताला धरून त्याला रस्त्यातही नेलं, पण हा पठ्ठ्या मधूनच उलटा पळाला. तीन सायकली, एक फुलवाली आणि फ्रिज नेणारा एक माणूस एकमेकांच्या गळ्यात पडले.

“मागे पळू नये रे लेका!” मावशी ओरडल्या. “पुढे गेलेला वाचतो, थांबलेला वाचतो. मागे पळणाऱ्याला बुद्धसुद्धा वाचवत नाही!”

आरडाओरडा ऐकून ख्वात आले. फ्रेंचांच्या शाळेत शिकलेले असल्यामुळे योस्तशी त्यांना फ्रेंचमधून थोडं बोलता येई. पण ते बोलायला आले नव्हते. त्यांनी रिकाम्या वाडग्यांकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा पडला.

“न्यान, याला किती वेळा जेवू घातलंस?”

“दोनदा. का हो दादा? एवढा मोठा देह, उपाशी ठेवू?”

“झालं! वस्तीत दोन वेळा जेवलेला परका माणूस हा तात्पुरता रहिवासी. नियम सतरा. आता याची नोंद करणं आलं.”

“मग करा की.”

“पत्ता काय घालू? जिथे जेवला तो पत्ता. म्हणजे तुझं दुकान. आणि तुझं दुकान तर नाहीच. अकरा वर्षं मी स्वतःच्या हाताने लिहितोय, नाही म्हणून.”

“मग हा कुठे बसलाय?”

“तेच तर! दुकान नसणं चालतं, न्यान. पण हा माणूस नाही असं कसं लिहू? तो गल्लीच्या दोन्ही टोकांवरून दिसतो!”

पासपोर्ट मागितला, तर तो आदल्या दिवशी खोली घेताना समोरच्या लॉजवाल्याने ठेवून घेतला होता; योस्त नुसती स्टेशनवरची बॅग घेऊन परतला होता. आणायला रस्ता ओलांडायला हवा. लॉजचा मालक तर मूळ माणसाखेरीज कुणाच्याही हाती पासपोर्ट देईना. त्यातून समोरची कड दुसऱ्या वॉर्डात. तिथल्या गल्लीप्रमुखाने पलीकडून तोंडाभोवती हात धरून कळवलं, की इकडे नोंद झाल्याशिवाय ते हा माणूस स्वीकारणार नाहीत. इकडे पासपोर्टशिवाय नोंद होत नव्हती. योस्त समाधानाने चिक्की खात होता. पुस्तकात नसलेलं हनोई पाहायलाच तो आला होता म्हणे.

तेवढ्यात न्हाव्याने शीळ घातली.

नऊ स्टुलं, किटली, बरणी पाऊण मिनिटात बोळात गेली. दहाव्या स्टुलावर योस्त होता. तो एवढा उंच, बॅग एवढी जड आणि स्टूल एवढं बुटकं, की त्याला उठवायला चार माणसं लागली असती. मावशींनी स्टूल ओढलं. योस्तला वाटलं, हाही इथला एखादा खेळ असावा; त्याने हसत दोन्ही हातांनी ते धरून ठेवलं.

“सोड रे बाबा! माझ्या एकोणीस वर्षांवर बसलायस!”

ट्रकमागच्या जीपमधून त्या दिवशी नेमके जिल्ह्याचे त्येपसाहेब उतरले. त्यांनी योस्तकडे पाहिलं, त्याच्या हातातल्या पेल्याकडे पाहिलं.

“हे काय आहे?”

मावशींना वाटलं, आता झाड जाणार. पण ख्वातना स्वतःचे अकरा वर्षांचे अहवाल डोळ्यांपुढे दिसले आणि त्यांच्या तोंडून आपोआप शासकीय भाषा बाहेर पडली.

“साहेब, हे परदेशी पाहुणे रस्ता-प्रतीक्षा केंद्र. प्रायोगिक.”

साहेबांनी टोपी काढली. “शहरात पहिलंच?”

“देशात पहिलं असावं, साहेब.”

“आणि या बाई?”

“केंद्र-संचालिका.”

दुपारी तीनला झाडावर पाटी ठोकली गेली, चारला परिपत्रक आलं. न्यानमावशींचं दुकान अखेर अस्तित्वात आलं. गल्लीने टाळ्या वाजवल्या. मग ख्वातनी परिपत्रक वाचून दाखवलं. केंद्राची वेळ आठ ते साडेअकरा आणि दीड ते साडेचार. चहा फक्त रस्ता न ओलांडता येणाऱ्या परदेशी व्यक्तीस, तोही टोकन घेऊनच. स्थानिकांनी बसू नये. केंद्रात सदैव किमान एक प्रतीक्षार्थी हजर असावा. नसल्यास केंद्र बंद करून जागा मोकळी करावी.

“म्हणजे न्हावी बसायचा नाही?” मावशींनी विचारलं.

“नाही.”

“तुम्ही?”

ख्वात अर्धवट बसले होते, ते उठले. “मीसुद्धा नाही गं.”

“आणि हा पोरगा पलीकडे गेला, तर झाड गेलं?”

“म्हणून हळू बोल. त्याला आणखी एक चिक्की दे.”

मावशींनी योस्तकडे पाहिलं. टोकन क्रमांक एक मुठीत धरून तो मोठ्या श्रद्धेने रस्त्याकडे पाहत होता. लॉजवर याची आंघोळ, याची झोप, कदाचित आईचं पत्रही. आणि आपण याला झाडासारखं इथे रुजवायचं?

“चल, ऊठ,” त्या म्हणाल्या. चौघांनी त्याला उठवलं. मावशींनी त्याच्या हातातलं पुस्तक काढून स्वतःच्या कमरेला खोचलं. “गाड्यांकडे बघू नकोस. थांबू नकोस. सासुरवाडीला दुसऱ्यांदा निघाल्यासारखा चाल. घाई नाही, भीती नाही, आणि परत फिरायची सोय नाही.”

ख्वातनी भाषांतर केलं. सासुरवाडीपाशी ते जरा अडले.

बारा पावलं. सायकली दुभंगल्या, पुन्हा जुळल्या. फुलवालीने शिवी दिली, पण वळसा घालून. पलीकडे पोचल्यावर योस्तने आनंदाने मावशींना उचललं. उतरवल्यावर त्या एकट्या परत आल्या, बोळातून किटली काढली, पाटीपासून वीस पावलं पुढे दुसऱ्या बदामाखाली बसल्या आणि सरकारदप्तरातून पुन्हा नाहीशा झाल्या. गिऱ्हाईक पाच मिनिटांत जमलं. ख्वात सगळ्यात आधी.

पुढे योस्तने प्रवासाचं पुस्तक लिहिलं. रस्ता कसा ओलांडावा यावर त्यात चाळीस पानं आहेत, म्हणून लोक ती वाचत कडेला उभे राहतात. त्येपसाहेब देशातलं पहिलं केंद्र काढल्याबद्दल मंत्रालयातल्या मोठ्या कचेरीत गेले. ख्वात पंच्याऐंशीव्या वर्षी वारले. शेवटच्या अहवालातही त्यांनी ‘पदपथावर कोणतेही दुकान नाही’ असं लिहिलं होतं आणि कागदावर चहाच्या पेल्याचं वर्तुळ होतं. न्यानमावशींनी २०१३पर्यंत चहा विकला. त्यांच्या अंत्ययात्रेला अतिक्रमणाचा ट्रक आला होता, फुलं घेऊन.

केंद्र मात्र बंद झालं नाही. कुणी प्रतीक्षार्थी नाही हे कळवायचा नमुना अर्ज अजून छापून यायचा आहे. आता तिथे दुमजली इमारत आहे, अकरा कर्मचारी आहेत आणि टोकनचं यंत्र आहे. स्थानिकांनाही परवानगी मिळाली. गेल्या वर्षीपासून झाडू गल्लीत वाहनांना पूर्ण बंदी आहे, रस्त्यावर पोरं लगोरी खेळतात. तरी रोज सकाळी शंभरेक माणसं टोकन घेऊन बाकांवर बसतात आणि आपला नंबर पुकारण्याची वाट पाहतात.

हसा, हसा. फक्त हसून झाल्यावर आपली मूठ उघडून बघा, तिच्यात कितव्या नंबरचं टोकन आहे ते. आणि समोरच्या रस्त्यावरून शेवटचं वाहन केव्हा गेलं होतं, तेही जरा आठवा.