कारखान्यातून आली तशी

या, असे जवळ सरका. चहा घ्या, आणि मनुक्यांचा केकही घ्या. माझ्या बायकोने, नेस्टने केलाय, नको म्हणालात तर ती वर्षभर लक्षात ठेवते. एका हिरव्या जॅग्वारची गोष्ट सांगतो. ही गोष्ट मी 'इल्टिडचा पराक्रम', म्हणजे माझाच, म्हणून सांगायची ठरवली होती, वाक्यंही पाठ करून ठेवली होती. त्यातलं एकही वाक्य आता उपयोगाचं राहिलेलं नाही.

आमचं जुन्या गाड्यांचं मंडळ दर शनिवारी सकाळी चॅपलच्या, म्हणजे गावच्या छोट्या प्रार्थनाघराच्या, मागच्या खोलीत भरतं. सभासद सात, आणि सातांत मिळून धड चालणारी जुनी गाडी एकही नाही. सगळ्यांनी विकलेल्या. गाड्यांचं कसलं, पश्चात्तापाचंच मंडळ ते. पोस्टातून निवृत्त झालेल्या हेविनकडे लाल इटालियन गाडी होती. तिला सीट दोनच, आणि बायकोला झाली जुळी. "जुळ्यांचा दोष नाही," हेविन दर शनिवारी म्हणतो, "पण एकेक करून आली असती तर मला अजून दोन वर्षं मिळाली असती." माझी साब होती, स्वीडनची, ढगासारख्या रंगाची. ज्याला विकली त्याने तिचं कोंबड्यांचं खुराडं केलं. मी त्या रस्त्याने जात नाही. जावंच लागलं तर कोंबड्यांना ओळख देत नाही.

इदवालकाका आमच्यात सगळ्यांत मोठे, चौऱ्याऐंशीचे. गावचे गुरांचे डॉक्टर होते. त्यांच्याकडे चौसष्ट सालची जॅग्वार होती. बाहेरून गडद हिरवी, आत लाल चामडं, अक्रोडाच्या लाकडाचा डॅशबोर्ड. ताशी शंभर मैल पळणारी ती राजेशाही गाडी काका चिखलातून गोठ्यापर्यंत नेत आणि येताना मागच्या सीटवर एखादी आजारी मेंढी घेऊन येत. त्यांच्या पत्नी ओल्वेनकाकू आमच्या चॅपलचं गायन बसवायच्या. काकू गेल्या आणि पुढच्या वर्षी काकांनी गाडी विकली. का, ते आम्ही विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. फक्त आठवणी निघाल्या की ते एवढंच म्हणत, "वळणावर गायची रे ती."

आम्ही माना डोलावत असू. हेविनची गाडी रडायची, माझी सुस्कारे सोडायची, तशी काकांची गायची. विकलेल्या गाडीबद्दल माणूस काहीही बोलतो.

मग ईस्टरनंतर काकांच्या लेकीचा कॅनडाहून फोन आला. काकांची नजर अधू झालेली, एकट्याने राहणं अवघड. सप्टेंबरात ती त्यांना कायमचं न्यायला येणार होती. त्या शनिवारी काकांनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, "जायच्या आधी एकदा तिच्यात बसून खिंडीतून चॅपलपर्यंत यायला मिळालं असतं, तर बरं झालं असतं. बाकी काही नको."

मी उभा राहिलो. का उभा राहिलो, देव जाणे. म्हणालो, "काका, ती गाडी मी आणतो. आणि अशी आणतो, की कारखान्यातून काल निघालीय असं वाटेल."

घरी नेस्ट म्हणाली, "गाडी आणतो, एवढं पुरे होतं. दुसरं वाक्य कशाला जोडलंस?"

गाडी मात्र मी खरंच शोधली. सरहद्दीपलीकडे इंग्लंडातल्या एका दंतवैद्याच्या कोठारात ताडपत्रीखाली उभी होती. नंबर तोच. दंतवैद्याला पैसे नको होते, त्याला माझी बोट हवी होती. मी दिली.

"माझी बोट दिली," मी घरी सांगितलं.

"आपली बोट," नेस्ट म्हणाली.

गाडी दिल्विनच्या गॅरेजात आली. दिल्विनने तिच्याभोवती एक फेरी मारली, इंजिन चालू केलं, बंद केलं. "चालतेय की. पुसून देऊन टाक म्हाताऱ्याला."

"पुसून?" मी म्हणालो. "सीटच्या शिवणीत लोकर अडकलीय. आत मेंढीचा वास येतोय. समोरच्या कप्प्याचं झाकण दबलंय. डाव्या दारात काहीतरी खुळखुळतंय. दिल्विन, मी शब्द दिलाय."

इथून माझ्या अंगात आलं. मी कारखान्याची मूळ यादी मिळवली. कुठला स्क्रू, कुठला धागा, कुठल्या जातीचा गालिचा, सगळं त्यात होतं. यादीत आहे ते गाडीत हवं आणि यादीत नाही ते गाडीत नको, असा मी कायदाच केला. लोकर गेली. वास गेला. दबलेलं झाकण गेलं. उन्हाळाभर दिल्विनने मला तोंडावर काही म्हटलं नाही, पण मी आलो की तो गाडीखाली शिरायचा आणि मी गेलो की बाहेर यायचा.

आता तो गुरुवार. मला प्रवचनाचं वेड आहे, तुम्हाला ठाऊक आहे. साधं नव्हे, आमच्या जुन्या वळणाचं, ज्यात उपदेशक बोलता बोलता भक्तीने असा भरून येतो की वाक्याचं गाणं कधी होतं ते त्यालाही कळत नाही. त्या एका क्षणासाठी मी वीस मैल पायी जाईन. दक्षिणेकडचे एक थोर उपदेशक चॅपलमध्ये आले होते. हरवलेलं नाणं शोधणाऱ्या बाईचं आख्यान लावलं होतं. बाईने दिवा लावला, केरसुणी घेतली, आणि उपदेशकांच्या आवाजाला नुकता सूर लागतोय, तोच माझ्या खिशात फोन थरथरला. धावत बाहेरच्या पडवीत आलो. एक कान फोनला, दुसरा दाराच्या फटीला.

"इल्टिड, डाव्या दाराच्या पोटात एक वस्तू सापडलीय," दिल्विन म्हणाला. "लोखंडी. दोन दात्यांची."

"यादीत आहे?"

"यादीत कशी असेल? ऐक तर, मला वाटतं ही..."

आत उपदेशक वरच्या स्वरात चढले होते. बाई कोपरा न् कोपरा झाडत होती.

"दिल्विन, कारखान्यात नव्हतं ते सगळं फेक," मी म्हणालो, आणि फोन बंद करून आत पळालो. नाणं सापडलं तेव्हा मी ढसाढसा रडलो. हातरुमाल पिळून काढावा लागला.

सप्टेंबरच्या पहिल्या शनिवारी अख्खं मंडळ टाय बांधून काकांच्या दारात उभं. काकांनी बॉनेटवरून हात फिरवला. सीटचा वास घेतला. बाजूच्या सीटवर बसले आणि डावा हात दारावर ठेवला, नाडी बघायला ठेवावा तसा. मी गाडी खिंडीत घातली. सात वळणं. लोण्यातून सुरी जावी तशी गाडी गेली.

"ऐकलंत, काका?" माझी छाती फुगली होती. "काही म्हणजे काही ऐकू येत नाही."

"तेच ऐकतोय," काका म्हणाले.

चॅपलपाशी उतरून त्यांनी माझा हात हातात घेतला. "छान गाडी आहे रे. कुणाची?"

"काका, तुमचीच!"

"नाही बाळा."

मी नंबर वाचून दाखवला. सांगाड्यावर कोरलेला आकडा वाचून दाखवला. काका शांतपणे म्हणाले, "नंबर मेंढ्यांच्या कानातही असतात. मी मेंढी कधी नंबरावरून ओळखली नाही. माझी गायची."

"म्हणजे तुम्ही आपलं प्रेमाने..."

"प्रेमाने नाही, दाराने गायची. गाण्याच्या मेळ्याहून आम्ही परत येत होतो. पुढे गाणाऱ्या मंडळींची बस. ओल्वेन खिडकीतून हात काढून त्यांना सूर देत होती, तिचा नादकाटा, सूर लावायचा तो दोन दात्यांचा काटा, सटकला आणि काचेच्या फटीतून दारात पडला. मी म्हटलं, उद्या दार उघडून काढतो. ती म्हणाली, राहू द्या, प्रत्येक वळणावर मला सा मिळतोय." त्यांनी माझा हात सोडला. "ती गेल्यावर मला तो आवाज सोसेना, म्हणून विकली. महिन्याभरात आवाजाशिवाय सोसेना. तोवर गाडी इंग्लंडात गेली होती."

मी दिल्विनकडे पाहिलं. दिल्विन स्वतःच्या बुटांकडे पाहत होता.

काका गुरुवारी निघणार होते.

दिल्विनने काटा भंगाराच्या पिंपात टाकला होता आणि पिंप गावाबाहेरच्या भंगारवालीने नेलं होतं. सोमवारी काका सोडून मंडळाचे आम्ही सहाजण आणि दिल्विन तिच्या ढिगावर चढलो. एकेक लोखंड उचलायचं, गुडघ्यावर आपटायचं, कानाशी धरायचं. ती बाई बराच वेळ बघत राहिली. शेवटी म्हणाली, "काय शोधताय?"

"सा," हेविन म्हणाला.

"तो आमच्याकडे टनावर मिळतो. सुटा नाही देत."

संध्याकाळपर्यंत शोधलं. नाही सापडला. आख्यानातल्या बाईच्या हातात केरसुणी होती, आणि तिला कोणी फेकायला सांगितलं नव्हतं.

मंगळवारी हेविनने सुचवलं, दारात दुसरं काहीतरी घालून बघू. नेस्टला परीक्षक म्हणून मागे बसवलं. किल्ल्यांचा जुडगा घातला, तर तुरुंगाधिकारी फिरायला निघाल्यासारखं वाटलं. चहाचा चमचा घातला. "हॉटेलात आल्यासारखं वाटतंय," नेस्ट म्हणाली. मेंढीच्या गळ्यातली घंटा घातली, तर दुसऱ्या वळणावर कुरणातल्या चाळीस मेंढ्या कुंपणाशी येऊन धावायला लागल्या.

"काकू अशा वाजत नव्हत्या," नेस्ट म्हणाली आणि उतरून पायी घरी गेली.

बुधवारी सकाळी मी माझा स्वतःचा नादकाटा घेतला. वडिलांनी दिलेला. चॅपलमध्ये प्रार्थनेला पहिला सूर मी देतो, आणि एकतीस वर्षं प्रत्येक प्रार्थना मी त्याच्यावर लावलीय. काचेच्या फटीशी धरला, डोळे मिटले, सोडला. मग काकांच्या दारात जाऊन म्हणालो, "काका, एक फेरी मारू या?"

पहिलं वळण डावीकडचं. दाराच्या पोटात काटा घरंगळला, कशावर तरी आदळला, आणि एक बारीक स्वर हवेत उभा राहिला. काकांचा हात दारावर होता.  दुसरं वळण, तिसरं. मी श्वास धरून बसलो होतो. चौथ्यानंतर ते म्हणाले,

"इल्टिड, हा तुझा."

"कसं ओळखलंत?"

"चढा आहे. ओल्वेन म्हणायची, इल्टिडचा काटा केसभर चढा आहे. पण मुलगा मनाचा चांगला, म्हणून सांगवत नाही."

एकतीस वर्षं मी समजत होतो, आमचा ऑर्गन उतरलाय. दोनदा तर मी समितीला पत्रही लिहिलं होतं.

"काका, चूक माझी झाली," मी म्हणालो. "दिल्विनने विचारलं होतं. मीच फेक म्हणालो."

 चॅपल दिसायला लागलं. काका म्हणाले, "चढा तर चढा. वळव गाडी. पुन्हा एकदा जाऊ खिंडीतून."

तीन वेळा गेलो. चौथ्या वेळी पेट्रोल संपलं आणि टाय न बांधलेल्या मंडळाने आम्हाला चॅपलपर्यंत ढकलत आणलं. काका आतच बसून होते. गाडी ढकलली जात असताना काटा वाजला नाही, तेव्हा ते स्वतःच हळू आवाजात गुणगुणत होते. तो सूर चढा नव्हता.

गुरुवारी ते गेले. गाडी आता माझ्याकडे आहे. महिन्यातून एका रविवारी कॅनडाहून फोन येतो. मी गाडी खिंडीत नेतो, नेस्ट मागे बसून काकांच्या बाजूला फोन धरते. काका ऐकतात आणि म्हणतात, "अजून चढाच आहे." काटा दारातच आहे, त्यामुळे चॅपलमध्ये मी आता अंदाजाने सूर लावतो. लोक म्हणतात, पूर्वीपेक्षा बरा लागतो. हे मला कुणी एकतीस वर्षांपूर्वी सांगितलं असतं तर चाललं असतं.

एवढीच गोष्ट. केक संपवा. आणि एक मागणं आहे. तुमच्या गाडीच्या दारात काही खुळखुळत असेल, तर ते काढायला लगेच कुणाला सांगू नका. आधी घरात विचारा, हे कुणाचं. आणि त्या वेळी आमच्या ओल्वेनकाकूंची एकदा आठवण काढा. त्यांचा सूर बरोबर होता.