मिरची कारखान्यातला रणगाडा

चौकात उभा असलेला निवृत्त रणगाडा एक मार्चला आमच्या मिरची पूड कारखान्यात सरव्यवस्थापक म्हणून रुजू झाला.

आमच्या मालकीणबाई पद्मजा आवटी पुण्याला दोन दिवसांच्या शिबिराला गेल्या होत्या. धंदा नीट चालवायचा तर नेतृत्व फौजेकडून शिकावं, असं तिथे त्यांना पटलं. परत आल्यावर त्यांनी जाहिरात दिली आणि एकच अर्ज आला. मुलाखत आम्ही आवारात घेतली, कारण ऑफिसचं दार लहान आहे.

"आधीची जागा का सोडताय?" मॅडमनी विचारलं.

"सव्वीस वर्षं चौकात उभा आहे," रणगाडा म्हणाला. "लोक नळीला टेकून फोटो काढतात. काम काही नाही."

फॉर्ममध्ये वजनाचा रकाना नव्हता. आस्थापना विभाग माझ्याकडे असल्यामुळे तो मी हातानं आखला.

मॅडमनी त्याच्यासाठी केबिनची भिंत पाडून घेतली, पण तो आत गेला नाही. "अधिकारी आघाडीवर असतो," असं म्हणून तो थेट मिरची कुटायच्या शेडमध्ये जाऊन उभा राहिला. तिथे पाच मिनिटं टिकलेला साहेब आम्ही कधी पाहिला नव्हता. पहिल्या दिवशी त्याला एकशे बारा शिंका आल्या. दुसऱ्या दिवशी धूळ ओढणारे पंखे बसले, ज्यांचा अर्ज आठ वर्षं माझ्या कपाटात होता.

मग त्यानं जेवणाचा नियम बदलला. आधी कामगार, मग कारकून, शेवटी साहेब लोक. डिझेल तो सगळ्यांच्या मागून घ्यायचा. दोन दिवस साहेबांना नुसता रस्सा मिळाला. तिसऱ्या दिवसापासून कँटीनमध्ये भाजी पुरायला लागली.

जूनमध्ये देठ काढायचं यंत्र येणार असं ठरलं. मॅडमनी त्याला शेडमधून बोलावून घेतलं.

"यंत्र आलं की देठ खुडणाऱ्या नऊ बायकांना काम राहणार नाही," त्या म्हणाल्या. "यादी करून द्या."

"आम्ही मागे कोणाला सोडत नाही, मॅडम."

"हा धंदा आहे. युद्ध नाही."

"हुकूम लेखी द्या," तो शांतपणे म्हणाला.

मॅडमनी लेखी दिला. संध्याकाळी यादी माझ्या टेबलावर आली. नावं दहा होती. पहिलं त्याचं स्वतःचं, दुसरं हौसाक्का मगदूम यांचं, आणि खाली बाकीच्या आठ जणी.

हौसाक्का अठरा वर्षं देठ खुडतात. त्यांच्या बोटांची आग रात्रीसुद्धा थांबत नाही. त्या शेडमध्ये जाऊन त्याला म्हणाल्या, "सायेब, तुमचं नाव कशापायी घातलं? तुमास्नी कुठं देठ खुडाय येत्यात?"

"नाही येत. पण पहिलं पाऊल माझं पडायला हवं."

हौसाक्का त्याच्या साखळीपट्ट्यावर टेकल्या. मग पदरानं त्यावरची लाल धूळ पुसून कामाला गेल्या.

यादी मॅडमपुढे तीन दिवस पडून होती. चौथ्या दिवशी त्या स्वतः नऊ जणींमध्ये जाऊन बसल्या आणि दुपारपर्यंत देठ खुडले. आग होणारा उजवा हात ताकात बुडवून त्यांनी मला बोलावलं.

"कोठावळे, नेता म्हणजे मालकच, असं शिबिरात सांगितलं होतं ना?"

"हो, मॅडम."

"मग पहिलं नाव माझं हवं." आणि त्यांनी डाव्या हातानं रणगाड्याच्या वर आपलं नाव लिहिलं.

आता अडचण अशी झाली, की कमी करण्याच्या आदेशावर मालकाची सही लागते, आणि कमी होणाऱ्याला सही करता येत नाही. मी नियम दोनदा वाचला. तोड नव्हती. 'सक्षम अधिकारी उपलब्ध नाही' असा शेरा मारून मी फाईल बंद केली. मॅडमनी ती उघडायला सांगितली नाही.

यंत्र मात्र ठरल्या दिवशी आलं. रणगाड्यानं त्याला आधीचा अनुभव विचारला. तो नव्हता. म्हणून सहा महिन्यांसाठी उमेदवार म्हणून हौसाक्कांच्या हाताखाली दिलं. त्या हात मागे बांधून शेजारी उभ्या राहतात आणि चुकलं की सांगतात.

काम बरं करतं. अजून कोणाशी बोलत नाही. रणगाडा म्हणतो, नवीन आहे, रुळेल.