दोन स्केल आणि एक मिशी

"एक कशाला, दोन स्केल वाजवतो! न्हाई वाजल्या तर भर बारशात मिशी उतरवीन!"

खंडाळ्याचे रिटायर सुभेदार लालासाहेब फोनवर एवढ्या जोरात ओरडले की पाळण्यातली नात दचकून रडायला लागली. पण नातीच्या बारशाला गिटार वाजवीन म्हटल्यावर माधवनगरचे व्याही सयाजीराव बोललेच होते तसं! म्हणे, "सुभेदार, बंदुकीचा हात तुमचा. गिटारीवर सुरांची एक स्केल तरी बसंल का?" त्या मिशीला पलटणीत साहेबलोकही वचकून असत, आणि हा साखरेचा व्यापारी हसतो?

पहिली स्केल कोणती शिकायची, इथूनच आग लागली. साताऱ्याचा गिटारमास्तर उदयसिंह म्हणाला, "आधी मेजर पेंटाटॉनिक. नवशिक्याला तीच बरी." भजनी मंडळाचे पेटीवाले नाथाजीबुवा कडाडले, "लाला, आधी भूप! त्ये इंग्रजी खूळ शिकलास तर माझ्या दारात पाय ठिवू नगंस!" मास्तरही तापला, "त्या म्हाताऱ्याचं ऐकणार असाल तर गिटार चुलीत घाला!"

लालासाहेब दोघांवरही भडकले. पण मिशी वाचवायची होती. त्यांनी दोन्ही गुरू गुपचूप धरले. रियाजाला बसले तर बायको रंगूबाई खेकसल्या, "पोर उठतीया! व्हा गोठ्यात!" झालं! सकाळी धारेच्या वेळी पेंटाटॉनिक, संध्याकाळी धारेच्या वेळी भूप. बोटं सोलून निघाली, पण शिस्त म्हणजे शिस्त!

बारशाला दोन्ही गुरू एकमेकांकडे डोळे वटारून बसले. लालासाहेबांनी मिशीला पीळ दिला. "आधी इंग्रजी!" वाजवली. टाळ्या पडल्या. "आता देशी!" वाजवली. पाव्हणे एकमेकांकडे बघायला लागले.

"आवं व्याही," सयाजीराव म्हणाले, "ही तर मगाचीच!"

"कान हायत का भोकं?" लालासाहेब गरजले.

नाथाजीबुवांनी पेटी पुढं ओढली. सा, रे, ग, प, ध. मग उदयसिंहाकडून त्याची स्केल वाजवून घेतली. तेच पाच सूर! "आयला, मास्तर, आपलं एकच हाय की रं गड्या!" आणि दोघे खिदळत एकमेकांच्या गळ्यात पडले.

"हसताय काय?" लालासाहेब दोघांवर धावून गेले. "एकच भाकरी दोन ताटांत वाढली मला! इतके दिस कुणालाच कसं कळलं न्हाई?"

"म्हशीला कळलं हुतं की," रंगूबाई म्हणाल्या. "दोन्ही टायमाला त्याच सुरावर पान्हा सोडतीया."

मिशी गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी लालासाहेबांनी दातओठ खात गोठ्यात गिटार छेडली. म्हशीनं मान वळवली, त्यांच्या तोंडाकडे नीट बघितलं आणि पान्हा चोरला.