न उघडणारी फाइल

रविवारी सकाळी लेकीची फाइल आली, तेव्हा पॅकिंगमास्तरांनी आधी दाढी केली आणि मग इस्त्रीचा शर्ट चढवला. फोनवर शर्ट दिसत नाही हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. पण लेकीशी निवांत बोलायचं म्हणजे माणसाने जरा नीटनेटकं नको का असायला?

मास्तरांची सगळी नोकरी काचसामानाच्या कारखान्यात, पॅकिंग खात्यात गेली. बायको गेल्यापासून घरात एकटेच. लेक परगावी. तिचा रोज मेसेज यायचा, "बाबा, जेवलात?" यांचं उत्तर, "हो." झालं, संपलं बोलणं! उगाच फोन करून 'मला करमत नाही गं' म्हणणं मास्तरांच्या अगदी जिवावर यायचं. पण नातीचे व्हिडिओ ती दाबून, घडी घालून, एका फाइलीत कोंबून पाठवायची. ती फाइल मास्तरांच्या कॉम्प्युटरवर हटकून अडायची आणि मग 'इथे दाबा, तिथे दाबा' करत लेक तासभर तावडीत सापडायची. खरं तर फाइल कशी उघडायची हे मास्तर केव्हाच शिकले होते. पण ते बोलतात कशाला!

या वेळी तर सोबत निरोप होता, "बाबा, याला पासवर्ड आहे. फोन करा, सांगते." मास्तर हरखले. त्यांनी फोन उचलला आणि नेमकी दाराची बेल वाजली.

दारात खालच्या मजल्यावरचे इन्स्पेक्टर. विजेचे मीटर तपासण्यात त्यांची हयात गेली होती, आणि निवृत्तीनंतर तपासायला काही उरलं नाही म्हणून ते शेजाऱ्यांच्या घरातलं दिसेल ते तपासत.

"पेपर द्यायला आलो. माझा वाचून झाला," असं म्हणत ते थेट कॉम्प्युटरसमोर. "काय, अडलंय का काही?"

"नाही नाही, काही नाही! लेकीची फाइल आहे. तिलाच विचारतो."

"लेकीला कशाला त्रास? मी काय मेलोय?"

आता या माणसाला काय सांगावं! इन्स्पेक्टरांनी खुर्ची ओढली, फाइली उघडायचा एक प्रोग्राम उतरवून घेतला, त्याच्या मागोमाग न बोलावलेले आणखी चार आले. पडद्याच्या कोपऱ्यात एक घड्याळ नाचू लागलं. मग पासवर्डची चौकट आली.

"फोन करतो," मास्तर आशेने म्हणाले.

"थांबा हो! घरच्या माणसाचा पासवर्ड घरातच सापडतो." इन्स्पेक्टरांनी नातीचं नाव घातलं. नाही. मास्तरांच्या बायकोचं घातलं. नाही. मग तर मास्तरांच्या तोंडून निघेल तो शब्द ते इंग्रजी अक्षरांत घालू लागले. मास्तरांनी "चहा घेता?" विचारलं, तेही घातलं. दर वेळी 'चुकीचा पासवर्ड' असं दिसलं की मास्तरांचा जीव भांड्यात पडायचा.

"डबाच सैल झालाय कुठेतरी," म्हणत इन्स्पेक्टरांनी कॉम्प्युटरचा डबा तारांसकट उचलून वाकडा केला.

"अहो, सांभाळून उचला!" मास्तर ओरडले.

हे शब्द त्यांनी हजारो खोक्यांवर छापले होते. लेक तान्ही असताना तिला कुणी घ्यायला आलं की ते हेच म्हणायचे. इन्स्पेक्टरांनी डबा खाली ठेवला आणि सवयीने हेही शब्द चौकटीत घातले.

फाइल उघडली.

"बघा!" इन्स्पेक्टर फुशारले. मास्तरांचा चेहरा मात्र पार उतरला. गेला तास! गेला रविवार!

व्हिडिओ सुरू झाला. नात सायकलवर बसली, हलली, डुलली, कुंपणावर आपटली आणि उठून हसत सुटली. मास्तरही हसले, डोळे पुसले. मग नात पळाली, तरी व्हिडिओ चालूच. शूटिंग बंद करायचं राहून गेलं असावं. पडद्यावर नुसती जमीन, आणि मागून जावयाचा आवाज आला, "अगं, तसाच पाठव की. टिचकीसरशी उघडेल."

"उघडला की 'छान' एवढंच लिहितात," लेक म्हणाली. "अडला की तासभर बोलतात. उघडता येतं त्यांना, मला काय कळत नाही? पण एकटे असतात रे. या खेपेला पासवर्डच घालते."

व्हिडिओ संपला. मास्तर शर्टाच्या बटणाशी चाळा करत बसले.

"माझा मुलगा सगळं सरळ पाठवतो," इन्स्पेक्टर म्हणाले. "लगेच उघडतं."

तेवढ्यात फोन वाजला. लेकच.

"बाबा, फोन नाही केलात? उघडली का फाइल?"

"कुठली उघडतेय!" मास्तर म्हणाले. "सकाळपासून झटतोय. खालचे इन्स्पेक्टरसुद्धा आलेत, त्यांनाही जमेना."

इन्स्पेक्टरांनी आयुष्यात कधी हार कबूल केली नव्हती. मास्तरांनी जरा धास्तावूनच त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी खुर्ची फोनजवळ सरकवली, घसा साफ केला आणि वाकून म्हणाले,

"हो ताई, नाहीच उघडत. तुम्ही अगदी पहिल्यापासून सांगा बघू. आम्हाला काही घाई नाही."