मलावीसाठी वडाभात

नागपूरजवळच्या बेसा येथील सद्विचार सत्संग मंडळाने जगातील गरीब देशांचे कर्ज माफ करून घेण्याचे कार्य हाती घेतले, कारण हनुमान जयंतीला अजून अवकाश होता. अध्यक्ष वामनराव यांनी प्रारंभासाठी मलावी हा देश निवडला. तो कुठे आहे हे एकाही सभासदाला सांगता येईना. पण करुणेला नकाशा लागत नाही, असे म्हणून वामनरावांनी तो विषय मिटवला. रविवारी आधी ठराव आणि मग वडाभात, असा कार्यक्रम ठरला. नुसत्या ठरावाला माणसे येत नाहीत, हे त्यांना चांगलेच ठाऊक होते.

रविवारी सकाळी मंडळाचा स्वयंपाक करणाऱ्या पुष्पलताबाई मंडपात येऊन उभ्या राहिल्या.

"वामनरावजी, मागच्या नामसप्ताहाच्या स्वयंपाकाचे पैसे अजून नाही भेटले. किराणावाल्यानं उधारी बंद केली. आज पैसे नाही देले, तर मंगळवारच्या लग्नाचं काम माह्या हातचं जाते."

"ताई, आज मागायचा दिवस आहे का? आज कर्जमाफी आहे."

"ते त मलावीची हाये जी. मी उमरेडची आहो."

वामनरावांना मनापासून वाईट वाटले. 'गरिबामागे तगादा लावणे हे महापाप आहे,' हे त्यांच्या भाषणातले वाक्य, आणि ते पाप त्यांच्याच मंडपात पदर खोचून उभे होते. त्यांनी तातडीने कार्यकारिणी बसवली. चर्चेअंती असे निष्पन्न झाले की, बँकेतली ठेव मंदिराच्या संगमरवरासाठी आहे, म्हणजे देवाची आहे. ती वगळता मंडळाजवळ काही नाही. ज्याच्याजवळ काही नाही तो गरीब. सबब मंडळ मलावीच्याच पंगतीला बसते आणि पुष्पलताबाई या श्रीमंत राष्ट्रांच्या.

"मग त्यांनाही माफीचं आवाहन करू," कोषाध्यक्ष मधुवंतीबाई म्हणाल्या. "समजदार आहेत त्या."

सभेत दोन ठराव एकमताने मंजूर झाले: एक मलावीच्या कर्जमाफीचा, दुसरा मंडळाच्या. पुष्पलताबाईंना व्यासपीठावर बोलावून शाल पांघरण्यात आली आणि त्यांनीच चटणीसाठी आणलेला नारळ त्यांच्या हातात देण्यात आला.

"म्या कुठं माफ केलं?" त्या म्हणाल्या, पण तोवर माईक वामनरावांकडे गेला होता.

"ताईंचे नुसते आभार मानून आम्ही मोकळे होणार नाही," वामनराव सद्गदित होऊन म्हणाले. "आम्ही त्यांच्या ऋणातच राहू इच्छितो."

टाळ्या थांबेनात. पुष्पलताबाई "राहा," एवढेच बोलून खाली उतरल्या.

पंगती बसल्या. पानात भात आला, त्यावर वडे कुस्करले गेले आणि सगळे फोडणीच्या तेलाची वाट पाहू लागले. त्या तेलाशिवाय वडाभात घशाखाली उतरत नाही. तेल काही येईना.

"ताई, तेल कुठे आहे?" वामनरावांनी विचारले.

"दुकानात हाये जी. किराणावाल्याले तुमचा ठराव ऐकवला. तो नगदच मागून राहिला."

कोरडा घास तोंडात घोळवताना वामनरावांना जगाच्या निष्ठुरपणाची खंत वाटली. वर्गणी काढून तेल आणावे, असे कोणी सुचवले नाही. पुढच्या वेळी दुसरी बाई पाहावी, यावर मात्र पंगतीतच एकमत झाले.

तुम्हीही होताच तिथे. शेवटच्या रांगेत बसून तेलासाठी वाटी वाजवत होता. मंगळवारच्या लग्नाचे काय झाले, हे तुम्ही अजूनही विचारलेले नाही.